रांगेतली पहिली जागा

"लांबवाला वाच," दौलतराव म्हणाले आणि ओसरीवर मांडी घालून बसले.

मनकर्णानं पुस्तक उघडलं. चुलीवर चहाचं आधण होतं, आत आत्या गोजराबाई भाकरी थापत होती आणि गल्लीच्या तोंडाशी कापसाच्या गाड्या जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, वळत होत्या. कारंजा गावात दिवाळी झाली की चाकांची ही कुरकुर होळीपर्यंत थांबत नसे. त्या कुरकुरीतच बापलेकीचा रोजचा उद्योग चालायचा. ती पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायची. तिनं पहिला शब्द उच्चारला की दौलतराव छातीत एकच श्वास भरून ओठांतल्या ओठांत 'हुतूतू, हुतूतू' घुमवू लागायचे. परिच्छेद संपेपर्यंत दम टिकला तर जीत त्यांची. मध्येच तुटला तर ते बोट वर करायचे आणि मनकर्णा त्या शब्दावर थांबायची.

दौलतरावांना अक्षरओळख नव्हती. पण कोणता लेखक किती पाण्यात आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कोणाविषयी म्हणायचे, "हा तं दोन पावलं चालला का बसला. याले खुराक नाई." कोणाविषयी म्हणायचे, "हा खरा गडी. वाक्यात शिरला का पल्याड निघूनच दम सोडते." मनकर्णा वाचनालयातून पुस्तकं आणताना आताशा नकळत पानं चाळून पाहायची, मजकूर सलग आहे की तुटक.

त्या दिवशी तिला एका प्रवासवर्णनातला दीड पानाचा परिच्छेद सापडला होता. ती वाचत गेली. घाट आला, घाटातलं देऊळ आलं, देवळामागची नदी आली. वडिलांचा चेहरा लाल झाला, मानेवरच्या शिरा फुगल्या. नदी उतरून लेखक पलीकडच्या गावात पोचतो न पोचतो तोच त्यांनी बोट वर केलं आणि भडाभडा श्वास सोडला.

"गेलात," मनकर्णा म्हणाली. "तीन ओळी उरल्या होत्या."

"त्यानं मधात नदी कायले आणली?" दौलतराव छाती चोळत म्हणाले. "नदी आली का मानसाले थांबाव वाटते."

"हरल्यावर लेखकाला दोष."

"मंग कोनाले देऊ? तुले? तू तं माही पंच हाय." ते हसले. आतून गोजराबाईनं, "पंचाले म्हना, च्या घिऊन जाय," अशी हाक दिली.

दौलतराव जिनात मुकादम होते, पण गावात त्यांना कोणी मुकादम म्हणत नसे. ते उस्ताद होते. जिनाच्या शेठनं हुतूतूचा संघ पाळला होता. गड्यांना जिनात काम, वर खुराकाला दूध-तूप, आणि त्या बदल्यात हंगामभर त्यांनी शेठच्या नावानं जत्रा-बाजारांतून खेळायचं. कोणी तांड्यावरचा, कोणी मळ्यातला, कोणी कोरडवाहू रानातला. दिवाळीला जमायचे आणि होळीला आपापल्या गावी पांगायचे. त्यांना एकत्र बांधून ठेवणारी गाठ म्हणजे दौलतराव.

पन्नाशी ओलांडली तरी सामन्यातली पहिली चढाई त्यांचीच, असा या संघाचा शिरस्ता होता. दम घेऊन समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, कोण अंगानं भारी, कोणाचा हात चपळ, याचा अंदाज घ्यायचा, आणि जमलं तर एखाद्याला शिवून परतायचं. बहुतेक वेळा ते पकडले जात. बाद झालेला गडी मैदानाबाहेर रांगेत बसतो. समोरचा एक बाद झाला की आपला एक उठून पुन्हा खेळात येतो, आणि जो आधी बसला तो आधी उठतो. त्यामुळे रांगेतली पहिली जागा कायम उस्तादांची. तिथं ते आपली काळी घोंगडी अंथरत आणि तिच्यावर बसून नुसतं खाकरत. त्या खाकरण्याचा अर्थ त्यांच्या गड्यांना कळे.

"आधी बाद होनारा उस्ताद म्हनून लोक हासते मले," चहाची बशी ओठाला लावत ते म्हणाले. "हासू दे. उभ्या मानसाले समोरचा एकच दिसते. बसल्यावर सारं दिसते."

मनकर्णानं त्यांना खेळताना पाहिलं नव्हतं. लहानपणी खांद्यावर बसून कुठल्या तरी जत्रेत पाहिल्याचं पुसट आठवत होतं, तेवढंच. बाराव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं गेलं आणि जत्रा बंद झाल्या. मग एका उन्हाळ्यात कोणाला न विचारता दौलतरावांनी तिला अमरावतीला नेऊन शिकायला ठेवलं. परत आली ती मुलींच्या शाळेची बाई होऊन. त्यांनी तिच्यासाठी काय केलं, याविषयी दोघं कधी बोलले नाहीत. रोजचा परिच्छेद मात्र चुकला नाही.

"यंदा कारंज्याच्या सामन्याले येजो," दौलतराव उठता उठता म्हणाले. "हंगामाचा शेवटचा असते. अकोल्याचे गडी येते."

"बाबा, तिथं बायका कुठं असतात?"

"गाड्यायवर बसते न. जगदेवची प्रयागबाई येते. भाजी इकता इकता पाह्यते अन् मालकाले शिव्या देते."

"बघू."

"तू बघूच म्हनतं. पुस्तकात नाई थे बी बघाव कधी." त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. गल्लीच्या वळणावर एका गाडीवानाशी काहीतरी मोठ्यानं बोलले, तो हसला, आणि ते दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनात गठाणी न्यायला लॉरी लवकर येणार होती. "आज राह्यलं," चपला घालताना ते म्हणाले. "उद्या दोन वाचजो."

दुपारी सराव झाल्यावर जिनाच्या आवारातल्या लिंबाखाली ते रुईच्या गठाणीला टेकून बसले. डोळे मिटले. उस्तादांना दुपारी डुलकी लागते, हे सगळ्यांना माहीत होतं. संघातल्या जगदेवनं त्यांचीच घोंगडी त्यांच्या अंगावर घातली. कोणीतरी सरकीच्या ढिगाशी मोठ्यानं बोलत होतं, त्याला संघातल्याच फुलसिंगनं दटावून गप्प केलं. सुट्टीचा भोंगा वाजला. भोंग्यानं सारं कारंजं दचके, दौलतराव दचकले नाहीत.

शाळेत निरोप घेऊन आलेला माणूस दाराशी उभा राहिला आणि टोपी हातात घेऊन नुसता पाहत राहिला. मनकर्णानं फळ्यावरची बेरीज पुरी केली, खडू खाली ठेवला आणि मुलींना म्हणाली, "आज घरी जा." त्या माणसाला तिनं काही विचारलं नाही आणि त्यानं काही सांगितलं नाही. हे असंच पुढं चालू राहील, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर फुलसिंग आला. तो थोराड अंगाचा, तांड्यावरचा गडी. उस्तादांच्या खालोखाल संघात त्याचा शब्द. तो ओसरीच्या पायरीखाली उभा राहिला, वर येईना. बगलेत घोंगडी होती.

"बसा ना, फुलसिंगभाऊ."

"नाई बाई, उभाच बरा." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "रिसोडचा सामना आला. शेठ म्हनते, नवा गडी घ्या. घेतो. पन पह्यली जागा… थे कोनाले द्याव? आमी आपसात बोल्लो, कोनी घ्याले तयार नाई. जगदेव म्हने, बाईले पुसा. घोंगडी बी तुमच्या घरची. तुमाले देऊ म्हनलं."

मनकर्णानं घोंगडीकडे पाहिलं. तिच्यावर रुईचे पांढरे तंतू चिकटले होते. हात पुढं करून ती घेतली असती तर ती घरात आली असती, खुंटीवर टांगली गेली असती, आणि मग ती कोणाची, हे कोणीतरी भूतकाळात बोललं असतं.

"त्यांची जागा आहे ती," ती म्हणाली. "राहू द्या."

"राहू द्याव?"

"हो. घोंगडीही तुमच्याकडेच असू द्या."

फुलसिंगनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर एकदम हलकेपणा आला, जणू हेच ऐकायला तो आला होता. तो झपाझपा गल्लीतून गेला.

गोजराबाई आतून ऐकत होती. "मनू, काय म्हनली तू त्याले?"

"काही नाही आत्या."

"माय, एकदा तरी तोंडातून निघू दे. माहा भाऊ गेला तं मी गल्लीभर वरडून सांगतलं. तू मातर भिंतीसारखी. भिंत बी पान्यानं पाझरते."

"आत्या, दूध उतू जाईल," मनकर्णा म्हणाली आणि आत गेली.

ती रडत नव्हती, हे खरं. पण लोकांना वाटे तसा तो कणखरपणा नव्हता. तिला फक्त एक वाक्य म्हणायचं नव्हतं, आणि ते टाळायचं तर त्याच्या आजूबाजूची पुष्कळशी वाक्यं टाळावी लागत. शाळेत ती मुलींकडून धडे वाचून घेऊ लागली. स्वतः वाचायची वेळ आली की पुस्तक पुढच्या बाकाकडे सरकवायची. घरी ती वाचनालयातली पुस्तकं मनातल्या मनात वाचायची. चांगला लांब परिच्छेद आला की शेवटाला तिच्या ध्यानात यायचं, आपण श्वास धरून बसलो आहोत. ओसरीवर कोणी बोट वर करत नसे. ती पान उलटायची.

संघाची खबर तिला प्रयागबाईकडून मिळे. जगदेवची ही बायको मळ्यातली भाजी घेऊन दारोदार फिरायची आणि भाजीबरोबर गावभरच्या बातम्याही विकायची, त्या मात्र फुकट.

"बाई, रिसोडचं आयकलं का?" टोपली ओसरीवर टेकवत तिनं सुरुवात केली. "पंचानं नावं पुसली. फुलसिंगनं आठ सांगतली अन् नववं म्हने दौलतराव गोटे. पंच म्हने, कुठी हाय थो? तं यानं रांगेतल्या पह्यल्या जागी घोंगडी आंथरली. म्हने, हे काय बसले. लोक पह्यले लय हासले. मंग रिसोडचाच एक म्हतारा उठला. म्हने, हासता कायले रे, याच मातीत त्यानं तुमच्या बापायले लोयवलं हाय! तवा कुठी पंचानं टोपी काढली."

"नवा गडी घेणार होते ना?"

"शेठनं देल्ला होता. यायनं बसवून ठेवला त्याले, लॉरीत, सामानाजोळ. म्हने, बाईनं सांगतलं, जागा राहू द्या."

मनकर्णा मेथीची जुडी हातात घेऊन पाहू लागली. "मग काय झालं?"

"जितले! समोरचा पह्यला गडी बाद झाला. पंच म्हने, तुमचा कोन उठते? फुलसिंग म्हने, दौलतराव. घोंगडी उचलली अन् अंगनात मधोमध ठेवली. उठाची पाळी होती आमच्या मालकाची. पन थो बसला गुमान. रिसोडवाले कच्चे होते म्हनून निभलं."

केनवडला निभलं नाही. तिथल्या पोरांना ना उस्ताद ठाऊक, ना त्यांचा मान. घोंगडी अंगणात आली तसा गलका झाला, "उठलं रे, भूत उठलं!" एक टारगट तर दम घेऊन घोंगडीलाच शिवायला धावला. जगदेवचं डोकं फिरलं, त्यानं खेळ सोडून त्याचं बखोट धरलं, आणि पंचानं जगदेवलाच घरचा रस्ता दाखवला. तिथून पुढं हार, मग पुन्हा हार. मंगरुळला थोडक्यात जीत, मालेगावला हार.

"नऊच्या जागी आठ खेळते," प्रयागबाई म्हणाली. ती नेहमीसारखी हातवारे करत नव्हती. "अन् पह्यलं उठनं वाया जाते. रिसोडाले चालते, अकोल्याच्या गड्यायपुढं कसं चालन? शेठ काल जिनात बोल्ला. म्हने, मी मानसायचा संघ पाळला, घोंगड्यायचा नाई. कारंज्याले हारले तं पुढच्या दिवाळीले कोनी यायचं काम नाई. संघ मोडला म्हना."

"जगदेवभाऊ काय म्हणतात?"

"थो काय म्हनते! म्हने, उस्ताद गेल्यावर त्यायचा संघ बी…" प्रयागबाईनं जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "बाई, शेठचं आयकत नाई थे. पंचाचं आयकत नाई. माहं तं आयकूनच घेत नाई. तुमच्या शब्दाच्या भाईर कोनी जात नाई."

मनकर्णानं टोपलीतली मेथी पुढं ओढली. तिला सगळं कळत होतं. हा संघ मोडला तर वडिलांच्या हातचं या जगात काही उरणार नव्हतं. आणि संघ वाचवायचा तर ते वाक्य बोलावं लागणार होतं.

"मेथी द्या एक जुडी," ती म्हणाली. "बाबांना आवडते."

प्रयागबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग जुडी निवडून दिली, चांगली ताजी, आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

त्या संध्याकाळी गोजराबाई देवळात गेली होती. मनकर्णा ओसरीवर आली आणि तिनं ते प्रवासवर्णन काढलं. खूण जिथल्या तिथं होती. घाट, देऊळ, नदी. वडील जिथं थांबले त्यापुढच्या तीन ओळी उरलेल्या. त्या तरी मोठ्यानं वाचाव्यात असं तिनं ठरवलं. तोंड उघडलं. गल्लीतून एक रिकामी गाडी खडखडत गेली. ती गेल्यावर सुरू करू म्हणून ती थांबली. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि ती तशीच तोंड उघडून बसून राहिली. अखेर तिनं पुस्तक मिटलं.

कारंज्याच्या सामन्याला ती गेली. आत्याला तिनं नुसतं, "प्रयागबाईबरोबर जाऊन येते," असं सांगितलं. कापूस उतरवून रिकाम्या झालेल्या गाड्या मैदानाच्या कडेनं सोडल्या होत्या. त्यांवर बायका बसल्या होत्या. शाळेच्या बाईंना पाहून त्या सरकल्या. एका म्हातारीनं, "उस्तादाची पोरगी," असं शेजारणीच्या कानात सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं.

समोर भुसभुशीत केलेली, पाणी मारून दाबलेली माती होती. चुन्याच्या रेषा होत्या. आणि कडेला, बाद गड्यांच्या जागी, काळी घोंगडी. चारही कोपरे नीट ओढून अंथरलेली, मध्ये एक सुरकुती नाही. तिच्यामागं उघडी जमीन.

मनकर्णा त्या घोंगडीकडे पाहतच राहिली. आजवर तिनं तिची कल्पना केली होती ती अशी, की तिच्यावर कोणीतरी आहे. उन्हात ती नुसती घोंगडी होती.

पहिली चढाई फुलसिंगनं केली आणि अकोल्याच्या गड्यांनी त्याला घेरलं, पण तो बैलासारखा रेटत रेषेला हात लावून आला. शिवता मात्र कोणाला आलं नाही. मग अकोल्याचा एक उंच, लवचीक गडी आला. त्याचा 'हुतूतू' इतका संथ होता, की ऐकणाऱ्याला वाटावं हा आता दिवसभर थांबायचा नाही. जाताना त्यानं एकाला टिपलं. पुढच्या फेरीला दुसऱ्याला.

"अरे पाय धर त्याचा, पाय!" प्रयागबाई गाडीवर उभी राहून ओरडत होती. "मान कायले धरतं, लग्न लावतं का त्याच्यासंगं?" बायका खदखदल्या. पुढच्याच चढाईत जगदेव पकडला गेला. "मेल्या, घरी ये तू," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

जगदेव आधी बाद झालेल्या दोघांच्या मागं बसायला गेला. पण ते दोघं सरकले आणि त्याला पुढं बसवलं. रांग आधी कोण बसलं याची असते हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पंचाला हात जोडून त्यांनी ते मागून घेतलं. बाहेर बसलेल्यांत ताकदीचा गडी आता जगदेव एकटाच होता, आणि पहिल्या उठण्यानंतर दुसरं मिळालं तर ते त्याला मिळावं, एवढाच त्यांचा हिशेब. पहिलं तर घोंगडीचंच होतं. जगदेव तिच्यामागं बसला. खेळणाऱ्यांच्या पायांनी उडालेली माती घोंगडीवर पडली होती. ती त्यानं हातानं झटकली आणि मुडपलेला कोपरा सरळ केला.

रांग वाढत गेली. अंगणातले गडी कमी होत गेले. अकोल्याचा एकही अजून बसला नव्हता. लोकांचा गलका मावळला. शेठ खुर्चीवरून उठून निघायच्या बेतात उभा होता. कारंज्याच्या अंगणात आता फुलसिंग आणि आणखी एक, एवढेच उरले.

तो उंच गडी पुन्हा आला. या वेळी तो जरा निर्धास्त होता. दोघंच काय धरणार, असं त्याच्या चालीत होतं. फुलसिंग मागं मागं सरला, अगदी शेवटच्या रेषेपर्यंत. मनकर्णाच्या कानाशी तो संथ घुमणारा आवाज येत राहिला आणि तिच्या लक्षात आलं, आपण पुन्हा श्वास धरला आहे. रांगेत कोणी खाकरलं असतं तर इथंच खाकरलं असतं, असं तिला एकाएकी वाटलं. आणि गाडीवर बसून तिला खरोखरच सारं दिसलं: त्या गड्याचा उजवा पाय जरा जास्त पुढं पडतो आहे.

फुलसिंगलाही ते दिसलं. तो खाली बसल्यासारखा झाला आणि त्यानं त्या पायाला मिठी मारली. दुसरा वरून पडला. धुळीतून 'हुतूतू' येत राहिला, बारीक झाला, फाटला आणि तुटला.

मैदान एकदम ओरडलं. शेठ पुन्हा खुर्चीवर बसला. अकोल्याचा सर्वांत भारी गडी बाद झाला होता, आणि कारंज्याचा एक जण आता उठणार होता. दोनाचे तीन, आणि तिसरा जगदेव, तर खेळात अजून जीव होता.

पंचानं रांगेकडे हात करून विचारलं, "कोण उठतो?"

फुलसिंग धापा टाकत उभा होता. त्याच्या कोपराचं सालटं निघालं होतं. त्यानं पंचाकडे पाहिलं नाही, शेठकडेही पाहिलं नाही. त्यानं बायकांच्या गाड्यांकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, मागणं नव्हतं. सांगितलेलं काम नीट करतो आहे ना, एवढंच होतं.

"दौलतराव," तो म्हणाला.

जगदेवनं घोंगडी उचलायला हात पुढं केला.

मनकर्णा गाडीवरून उतरली. प्रयागबाईनं तिचा पदर धरला आणि सोडला. गर्दीतल्या माणसांनी तिला आधी वाट दिली आणि मग ती कोण हे एकमेकांना विचारलं. चुन्याची रेषा तिच्या चपलेखाली पुसली गेली. पंच पुढं आला. "बाई, मैदानाच्या बाहेर व्हा." ती थांबली नाही, तसा तोच थांबला.

ती रांगेपाशी गेली. जगदेवच्या हातातून तिनं घोंगडी काढून घेतली, झटकली, घडी केली आणि डाव्या हातावर टाकली. ती तिला वाटली होती तेवढी जड नव्हती. खाली मातीत चौकोनी स्वच्छ जागा उरली. तिच्याकडे मागच्या साऱ्या गड्यांनी पाहिलं आणि मग वर तिच्याकडे पाहिलं.

तिनं श्वास भरून घेतला, सकाळी ओसरीवर बाबा घ्यायचे तसा. एका दमात पुरं करायचं होतं. आणि आवाज निघाला तो शाळेतल्या बाईंचा नव्हता, पुस्तकातलाही नव्हता. तो घरचा होता.

"माहे बाबा गेले," ती म्हणाली. शेवटच्या गाडीपर्यंत ते ऐकू गेलं. "जिनातल्या लिंबाखाली, बसल्या बसल्या गेले. थे आता उठत नाई, फुलसिंगभाऊ. ही जागा रिकामी हाय. जगदेवभाऊ, तुमी उठा."